हॉक द स्लेअर (१९८०): बाणांचा पाऊस, धूर आणि उडणारी तलवार नेमकी केली कशी?

तिरपागडा (धागाकर्ता)

ऐंशीच्या दशकातल्या स्वस्त तलवार-जादू सिनेमांचा विषय निघाला की चार विनोद होतात, जॅक पॅलन्सच्या आरडाओरड्यावर गाडी येते आणि धागा तिथेच बसतो. इथे विनोदाला बंदी नाही, पण मुख्य विषय कारागिरीचा ठेवूया.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रिटिश सिनेमा, दिग्दर्शक टेरी मार्सेल. निर्माता, सहलेखक आणि संगीतकार हे तिन्ही हॅरी रॉबर्टसन, यावरूनच बजेटचा अंदाज यावा. खर्च सहा लाख पौंडांच्या घरात, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण १४ लाख डॉलर. दोनच वर्षांनी आलेल्या 'कॉनन द बार्बेरियन' या सिनेमाला दीड-दोन कोटी डॉलर लागले होते. शूटिंग पाइनवुड स्टुडिओ आणि त्याला लागूनच असलेलं ब्लॅक पार्कचं जंगल. हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या भयपटांनी आधीच तुडवून ठेवलेलं.

गोष्ट चार ओळींची. थोरला वोल्टन बापाला मारतो, मरताना बाप धाकट्या हॉकला तलवार आणि मनाचं ऐकणारा दगड देतो. वोल्टन मठातल्या मुख्य साध्वीला पळवून खंडणी मागतो आणि हॉक एक राक्षस, एक बुटका, एक एल्फ आणि एक तुटक्या हाताचा शिपाई जमवून निघतो. (वोल्टन झालेल्या पॅलन्सचा जन्म १९१९चा, त्याच्या बापाचं काम करणारा फर्डी मेन १९१६चा. तीन वर्षांनी मोठा बाप आणि एकतीस वर्षांनी लहान भाऊ. चालायचंच.)

प्रश्न असे:
१. क्रो नावाचा एल्फ मशीनगनसारखे बाण सोडतो, ते कसं?
२. हॉकची तलवार उडून त्याच्या हातात येते, ते कसं?
३. जादूगारणीचे चकाकणारे गोळे?
४. तो सगळीकडचा धूर?

संगणक नव्हता हे धरून उत्तरं द्या. शिवाय कॉलेजच्या लघुपटात हेच मोबाइलवर करायचं तर काय करावं, तेही सांगा. विचारणारी पोरं बरीच आहेत.

---

मूव्हिओला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: कात्री. दुसरं काही नाही.

हिशोब बघा. भात्यातून बाण काढणं, प्रत्यंचेला लावणं, ओढणं, नेम धरणं, सोडणं या सगळ्याला सराईत माणसालाही चारेक सेकंद लागतात. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ९६ फ्रेम. आता त्यातला शेवटचाच तुकडा ठेवायचा: बाण आधीच लावलेला आहे, दोर ओढलेला आहे, आणि सुटला. हा १०-१२ फ्रेमचा तुकडा एकामागे एक जोडला की सेकंदाला दोन बाण. भात्याकडे हात गेलेला एकदा सुरुवातीला दाखवायचा, पुन्हा नाही. प्रेक्षक बाकीचं स्वतः भरतो.

कुठे कापायचं ते महत्त्वाचं. तुकड्याचा शेवट दोर सुटल्यानंतर दोन फ्रेमवर. त्यापुढे गेलात तर धनुष्याची थरथर दिसते, थरथर दिसली की डोळा ती थांबायची वाट बघतो आणि वेग मेला. तुकडा सहा फ्रेमच्या खालीही नेऊ नका, मग नुसता झटका जाणवतो आणि बाण दिसत नाही. दर तीन-चार बाणांनंतर बाण रुतल्याचा आठ-दहा फ्रेमचा शॉट मध्ये टाकायचा, नाहीतर चौथ्या बाणापासून लोक हसायला लागतात. या सिनेमात हसतात ते याच कारणाने. तोच तुकडा फार वेळा लागोपाठ येतो.

फिल्मवर यात एक छुपा खर्च होता. निगेटिव्हवर प्रत्येक फ्रेम एकदाच असते. संकलकाच्या कॉपीवर तोच तुकडा दहा वेळा चिकटवता येतो, पण शेवटी निगेटिव्ह कापताना दहा तुकडे आणायचे कुठून? मग त्या तुकड्याचा इंटरपॉझिटिव्ह (मधली पॉझिटिव्ह प्रत) काढायचा आणि त्यावरून ड्यूप निगेटिव्ह, म्हणजे निगेटिव्हची नक्कल. दोन पिढ्या वाढल्या: दाणा (फिल्मवरचे बारीक ठिपके) जाड होतो, काळ्या भागातला तपशील हरवतो. स्वच्छ प्रिंटवर अशा सिनेमांत पुन्हा वापरलेला तुकडा दाण्यावरून ओळखता येतो. तुमच्या मोबाइलला ही अडचण नाही, तेव्हा तेवढं एक सुख.

---

भरली_वांगी

एवढा खटाटोप कशाला? कॅमेरा हळू फिरवला की झालं. १२ फ्रेमने शूट करून २४ने दाखवायचं, वेग दुप्पट. जुन्या मूकपटांत तेच तर आहे.

---

मूव्हिओला

नाही हो. कॅमेरा हळू फिरवला की फ्रेममधलं सगळंच धावतं. मागची पानं, घोड्याची शेपटी, धूर, नटाच्या पापण्या. क्रोचा चेहरा दगडासारखा शांत आणि हात तेवढे विजेसारखे, ही त्या पात्राची सगळी गंमत आहे. १२ फ्रेमने घेतलात तर एल्फचा चार्ली चॅप्लिन होईल.

शिवाय १२ फ्रेमला प्रत्येक फ्रेमवर प्रकाश दुप्पट वेळ पडतो. भिंग एक स्टॉप बंद करायला, म्हणजे आत येणारा प्रकाश निम्मा करायला, विसरलात तर शॉट पांढराफटक.

हळू कॅमेरा वापरायचाच तर तलवारबाजीत, आणि २२ किंवा फार तर २० फ्रेमने. तेवढं डोळ्याला कळत नाही, पण वार जड वाटतो.

---

भरली_वांगी

हे पटलं. माघार.

---

कानस

बाणांच्या पुढे एक सूचना, कारण पोरं नक्की हीच चूक करणार. बाण न लावता धनुष्य ओढून सोडू नका. दोराची सगळी ताकद बाणात जायच्या ऐवजी धनुष्याच्या हातांत शिरते आणि बांबू किंवा फायबर तडकतं, तेही तोंडाजवळ. शूटिंगला दहा-पंधरा पौंडी हलकं धनुष्य घ्या, बोथट टोकाचा बाण लावा आणि समोर जाड गोधडी दोरीवर टांगा. गोधडी सैल लटकली पाहिजे, ताणून बांधली तर बाण उसळून परत येतो.

अंगात रुतलेला बाण दाखवायचा तर कपड्याखाली १२ मिलिमीटर प्लायचा वीतभर रुंद तुकडा, त्यात रोवलेली बारीक तार, तारेचं दुसरं टोक कॅमेऱ्याच्या बाजूला आणि पोकळ दांड्याचा बाण त्या तारेवरून सरकवायचा. तार ताठ हवी. ढिली राहिली की बाण वाटेत पोट काढतो. आणि नटाने बाण लागायच्या आधी डोळे मिटले नाहीत तर ते वर्षातलं आश्चर्य.

आता तलवारी. अशा सिनेमात एका तलवारीच्या किमान तीन तलवारी असतात. जवळून दाखवायची देखणी, मारामारीची अॅल्युमिनियमची, आणि घोड्यावर किंवा पडापडीत वापरायची रबराची.

मारामारीच्या पात्याचा हिशोब. ७५ सेंटिमीटर लांब, ४ रुंद, ६ मिलिमीटर जाड पट्टी घेतली तर १८० घन सेंटिमीटर धातू. अॅल्युमिनियमला साधारण ४९० ग्रॅम, पोलादाला १४०० ग्रॅमच्या वर. दहाव्या टेकला नटाचं मनगट कुठल्या पात्याला साथ देईल ते उघड आहे. पट्टी घेताना ६०६१ किंवा ६०८२ नंबरची आणि टी६ टेंपरची (उष्णता देऊन कडक केलेली) मागा. खिडक्यांच्या चौकटीची नरम पट्टी दोन वारांत केळीच्या पानासारखी वाकते.

धार २ मिलिमीटरपेक्षा बारीक करू नका आणि ती गोल ठेवा. टोक रुपयाच्या नाण्याएवढं गोल.

मोडते कुठे? नव्वद टक्के वेळा परजेच्या आत, जिथे पातं अरुंद होऊन मुठीत शिरतं. लोक तिथे काटकोनात खाच मारतात. त्या कोपऱ्यात ताण साठतो, बारीक चीर पडते आणि एक दिवस पातं हवेत. मुठीतला भाग २२ मिलिमीटरपेक्षा अरुंद नको, आणि खांद्याला कोपरा न ठेवता गोल कानशीने किमान ५-६ मिलिमीटरचा बाक द्या. दर दोन-चार टेकनंतर पात्यावर बोट फिरवून खवले शोधायचे आणि लगेच कानशीने घासायचे. अॅल्युमिनियमवर पडलेला खवला करवतीसारखा कापतो.

---

गारंबीचा_नव्हे

आवाजाचं काय? अॅल्युमिनियम खणखणत नाही, डब्यासारखं टकटक करतं.

---

कानस

सेटवरचा आवाज कुणी ठेवतच नाही. नंतर पोलादावर पोलाद घासून घालायचा. तलवार उपसल्याचा तो 'श्शिंग' आवाज घरी हवा असेल तर लोखंडी तव्याच्या कडेवर स्टीलचं उलथनं तिरकं ओढा आणि माइक एक वीत अंतरावर धरा. खरं तर चामड्याच्या म्यानातून तलवार काढताना असला आवाज होतच नाही, पण तो नसला तर प्रेक्षकाला चुकल्यासारखं वाटतं.

---

उलटी_रीळ

प्रश्न दोनकडे येतो. उडून हातात येणारी तलवार म्हणजे हातातून ओढून नेलेली तलवार, उलटी चालवलेली. नट तलवार धरून उभा, तलवारीला बारीक दोरा, दिग्दर्शकाने हात वर केला की कुणीतरी फ्रेमबाहेरून हिसका मारायचा. मग शॉट उलटा.

फिल्मवर उलटं करायचे दोन मार्ग. कॅमेरा मागे चालणारा असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर कॅमेरा डोक्यावर उलटा बसवून शूट करायचं आणि धुऊन आल्यावर ती पट्टी शेवटाकडून फिरवून जोडायची. चित्र सरळ होतं, हालचाल उलटी होते. ३५ मिलिमीटर फिल्मला दोन्ही कडांना भोकं असतात म्हणून हे जमतं. एकाच कडेला भोकं असलेल्या १६ मिलिमीटरवर फिरवलेली पट्टी चालत नाही.

चुका नेहमीच्याच. एक, फ्रेममध्ये धूर किंवा आग. उलटं चालवलं की धूर मशीनमध्ये परत शिरतो, आणि कुणाला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी चुकलंय हे कळतं. दोन, हिसका हळू सुरू होणं. हळू ओढून मग जोर लावलात तर उलटं केल्यावर तलवार शेवटी मंद होऊन हातात अलगद बसते, मांजर मांडीवर यावं तशी. पहिल्याच फ्रेमपासून जोरात ओढायचं, म्हणजे उलटं केल्यावर ती हातात आदळते. तीन, नटाचा हात. ओढताना मनगट तलवारीबरोबर पुढे जातं. उलट्या शॉटमध्ये ते मागे दबलेलं दिसतं आणि झेल खरा वाटतो, म्हणून हात ताठ ठेवू नका असं नटाला आधीच सांगायचं.

मोबाइलवर: २५० ग्रॅमच्या आतली रबरी तलवार आणि पाव मिलिमीटरचा मासेमारीचा नायलॉन दोरा. नायलॉन चमकतो, म्हणून काळ्या मार्करने घासून घ्या. मागे कोरी भिंत नको, झाडी हवी. कोऱ्या भिंतीवर केससुद्धा दिसतो.

तलवारीच्या मुठीच्या टोकाला माणसाचा पंजा आहे आणि दगड त्यात येताच बोटं मिटतात, तो शॉटही याच जातीचा करता येतो. पंजा रबराचा, आत प्रत्येक बोटाला तार, दगड आधीच मुठीत. बोटं उघडायची, दगड दोऱ्याने उचलायचा आणि उलटं चालवायचं. मिटणाऱ्या बोटांत नेमका दगड सोडण्यापेक्षा हे दसपट सोपं, कारण सुरुवातच अचूक जागेपासून होते.

---

फुलपात्र

दोऱ्याचा विषय निघालाच आहे तर बाबूभाई मिस्त्रींचं नाव या धाग्यात यायलाच हवं. १९३७च्या 'ख्वाब की दुनिया'मध्ये अदृश्य माणसासाठी त्यांनी काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हलवल्या आणि मुंबईच्या स्टुडिओंत त्यांचं नावच 'काला धागा' पडलं. हॉकच्या तलवारीआधी त्रेचाळीस वर्षं. आपल्याकडचे पौराणिक सिनेमे याच युक्त्यांवर चालले. प्रकाश बाजूने द्यायचा, दोऱ्यावर समोरून पडू द्यायचा नाही, हे तेव्हाही हेच आणि आजही हेच.

---

तिरपागडा

धाग्यात काला धागा. वा.

गोळे राहिले. ते अंगावरून जातात तेव्हा किंचित आरपार दिसतात असं वाटतं. ते का?

---

अर्धा_आरसा

कारण दुहेरी एक्स्पोजरमध्ये, म्हणजे एकाच फिल्मवर दोन चित्रं घेताना, प्रकाश फक्त वाढतो, काहीही झाकलं जात नाही. काळ्या मखमलीवर चमकता गोळा वेगळा घेतला आणि तो मूळ दृश्यावर चढवला, तर मखमलीचा काळा म्हणजे शून्य, गोळ्याचा प्रकाश म्हणजे अधिक. मागे अंधार असेल तर गोळा भरीव दिसतो. मागे उजळ भिंत किंवा पांढरा झगा आला की गोळा विरघळला. जादूगारणीची दृश्यं अंधारी का ठेवतात त्याचं अर्धं उत्तर वातावरणात आहे, उरलेलं इथे.

भरीव गोळा हवा असेल तर आधी त्याच्या आकाराचं भोक मूळ चित्रात पाडावं लागतं, म्हणजे दर फ्रेमला एक काळा मुखवटा. तो अर्ध्या मिलिमीटरने हलला तरी गोळ्याभोवती काळी रेघ नाचते. प्रयोगशाळेचं बिल इथे फुगतं, म्हणून स्वस्त सिनेमे आरपार गोळ्यावर भागवतात.

त्याहून स्वस्त म्हणजे अर्धा आरसा. कॅमेऱ्यापुढे ४५ अंशांत अर्धपारदर्शक काच, समोर नट, बाजूला काळ्या कापडापुढे गोळा. दोन्ही एकाच वेळी फिल्मवर येतात. दुसरी पिढी नाही, दाणा वाढत नाही, आणि दिग्दर्शकाला तिथेच भिंगातून दिसतं. तोटा असा की काच निम्मा प्रकाश खाते, भिंग एक स्टॉप उघडावं लागतं, आणि गोळा नटाच्या मागे कधीच जाऊ शकत नाही.

घरी साधी खिडकीची काच चालते. ती ४५ अंशांत जेमतेम दहा टक्के प्रकाश परावर्तित करते, म्हणून गोळा खूप उजळ हवा. प्लास्टिकच्या चेंडूत एलईडी कोंबा. काच जितकी पातळ तितकं बरं, जाड काचेच्या दोन पृष्ठभागांवरून दोन गोळे दिसतात. काच पुसायला जुनं सुती धोतर घ्या, टिश्यूचे धागे काचेवर तारे होऊन बसतात.

---

धुपाटणं

धुराचं मी सांगते.

त्या काळी ब्रिटनमध्ये तेलाचे धूरयंत्र असत, खनिज तेल तापवून वाफ करणारे. स्टुडिओत जमिनीवर लोळणारं धुकं हवं असेल तर कोरडा बर्फ गरम पाण्यात. तो उणे ७८ अंशांचा असतो, हाताने उचलायचा नाही, आणि त्याच्या धुक्याबरोबर कार्बन डायऑक्साइड सुटतो. जड असल्याने खड्ड्यात साचतं. खड्ड्यात पडलेल्या नटाचा सीन असेल तर कोरडा बर्फ अजिबात नको, गुदमरेल.

पण खरा प्रश्न यंत्राचा नसतो. धूर सारखा ठेवायचा कसा, हा असतो. जंगलात धूर सोडला की आधी लोट दिसतो. तो लोट टिपलात तर मागे कुणी पाचोळा पेटवलाय असं वाटतं. धूर वाऱ्याच्या वरच्या बाजूने सोडायचा, दोघांनी पुठ्ठ्याने पसरवायचा, अर्धा-एक मिनिट थांबायचं, लोट मोडून एकसारखा पडदा झाला की मग कॅमेरा. प्रत्येक टेकला हेच. मूव्हिओला म्हणतात त्या बाणांच्या तुकड्यांत मागचा धूर उड्या मारताना दिसतो तो यामुळेच. वेगवेगळ्या क्षणांचा धूर शेजारीशेजारी आला की लपत नाही.

प्रकाश मागून किंवा मागच्या कोपऱ्यातून. समोरून टाकलात तर धूर राखाडी फडक्यासारखा दिसतो आणि रंग मरतात. मागून टाकलात तर झाडांमधून किरण उतरतात आणि दहा झाडांचं अरण्य होतं. या सिनेमाचे कॅमेरामन पॉल बीसन मुरलेले होते, जंगलातले शॉट बघा. ब्लॅक पार्कचे तेच पाइनचे बुंधे पुन्हा पुन्हा येतात, पण मागे काय आहे ते कळू देत नाहीत. धुराचं मुख्य काम तेच होतं: वीस मीटरपलीकडचं इंग्लंड झाकणं.

वेळ पहाटेची. ऊन चढून जमीन तापली की धूर उभाच वर जातो.

आपल्याकडे पार्टीचं फॉग मशीन भाड्याने मिळतं. ४०० वॉटचं खोलीपुरतं, उघड्यावर १५०० वॉटच्या खाली काही दिसत नाही. वीज नसेल तर घमेल्यात निखारे आणि त्यावर ऊद. चार घमेली चार दिशांना, प्रत्येकाशेजारी पाण्याची बादली आणि एक माणूस. उन्हाळ्यात जंगलात हे करू नका, आणि वनखात्याच्या जागेत कधीच नाही.

---

गारंबीचा_नव्हे

गोर्ट राक्षसाबद्दल कुणी बोललं नाही. बर्नार्ड ब्रेसलॉ, 'कॅरी ऑन' मालिकेतला विनोदी नट. उंची सहा फूट सात इंच. उंच माणूस आहे हे कबूल, पण राक्षस?

---

अर्धा_आरसा

तीच तर तक्रार आहे. उंच नट घेतला आणि पुढे काहीच केलं नाही. बऱ्याच शॉटमध्ये कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि सगळे एका रांगेत, लग्नाच्या फोटोसारखे.

थोडं गणित केलं असतं तर काय झालं असतं? २०१ सेंटिमीटरचा नट कॅमेऱ्यापासून २.४ मीटरवर, १७० सेंटिमीटरचा ३ मीटरवर. पडद्यावर उंचीचं प्रमाण जवळपास दीडपट येतं, म्हणजे गोर्ट अडीच मीटरचा वाटतो. फक्त साठ सेंटिमीटर पुढे उभं करून. दोघंही फोकसमध्ये हवेत: २५ मिलिमीटरचं भिंग, एफ ८ (भिंगाचं तोंड बरंच मिटलेलं), फोकस ३.१ मीटरवर ठेवला तर साधारण दीड मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ.

दोन गोष्टी चुकतात. पाय: पुढच्या माणसाचे पाय फ्रेममध्ये खाली दिसतात आणि बिंग फुटतं. कॅमेरा जमिनीला टेकवलात तर दोघांचे पाय एका रेषेत येतात, नाहीतर गवत, धूर किंवा गुडघ्यावर फ्रेम. आणि नजर: गोर्टने खऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं तर तो पडद्यावर त्याच्या कानामागे बघताना दिसतो. त्याच्यासाठी त्या माणसाच्या दिशेलाच, पण गोर्टच्याच अंतरावर, खाली काठीवर खूण लावायची आणि तिच्याशी बोलायला सांगायचं. समोरचा नट मग हवेशी बोलतो. ब्रेसलॉला ते सहज जमलं असतं.

---

फुलपात्र

चिलखतं. अशा सिनेमांतल्या साखळ्यांच्या चिलखतांत बहुतेक वेळा साखळी नसते, जाड दोऱ्याचं विणकाम असतं. ब्रिटिश रंगभूमीची जुनी युक्ती. जाड सुती दोरी, १० मिलिमीटरच्या सुया, नुसते उलटसुलट टाके, सैल हाताने. वर पातळ केलेला फेव्हिकॉल, वाळला की पूर्ण काळा रंग, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी, फक्त उंचवट्यांवर. चंदेरी रंगात बुडवून काढलंत तर चिलखत नाही, स्वेटर दिसतो. खांद्याला आणि काखेत चंदेरी कमी, तिथे घाम आणि गंज. पाऊस आला की दोरी पाणी पिते आणि चिलखत गुडघ्यापर्यंत लोंबतं, म्हणून आतून खांद्याला कापडी पट्टी शिवून घ्या.

वोल्टनच्या शिरस्त्राणाकडेही बघा. अर्धा चेहरा जळलेला, आणि शिरस्त्राण नेमकं त्याच अर्ध्यावर. लेटेक्सची जखम रोज नव्याने लावायला दोन-अडीच तास लागतात, तिची कड गालावर विरवणं हे सगळ्यांत किचकट. इथे बहुतेक सिनेमाभर पत्र्याचा तुकडा ते काम करतो, आणि जखमेची भीती जास्त वाटते ती वेगळीच. संपूर्ण सिनेमातला हा सगळ्यात हुशार खर्च, माझ्या मते.

---

भरली_वांगी

मला मान्य आहे हे सगळं, पण सिनेमा कंटाळवाणा आहे हे कुणी बोलणार का? त्याच पिढीतला १९८२चा 'द सोर्ड अँड द सॉर्सरर' बघा. तीन पात्यांची तलवार, त्यातली दोन पाती बंदुकीसारखी उडतात. असला मूर्खपणा करायचा तर मनापासून करावा. रॉजर कॉर्मनने तर अर्जेंटिनात जाऊन 'डेथस्टॉकर' केला, पोस्टर बोरिस व्हॅलेहोचं, आणि मग त्यातलेच तुकडे पुढच्या सिनेमांत घातले.

---

मूव्हिओला

'विझार्ड्स ऑफ द लॉस्ट किंगडम' (१९८५) हे त्याचं पाठ्यपुस्तक. जुन्या दोन सिनेमांचे तुकडे घालून लांबी भरली आहे. उसना तुकडा ओळखायचा असेल तर तीन गोष्टी बघा: दाणा बदलतो, सावल्यांची दिशा बदलते, आणि नायक त्या गर्दीच्या शॉटमध्ये कधीच दिसत नाही, फक्त आधी आणि नंतर 'तिकडे' बघतो.

'सोर्ड अँड सॉर्सरर'बद्दल एक गोष्ट विनोदाबाहेरची. त्याच्या शूटिंगमध्ये एका स्टंटमनचा उंचावरून उडी मारताना मृत्यू झाला, एअरबॅग चुकली. कॉलेजच्या लघुपटात उंचावरून उडी नकोच. काठावरून मागे झुकलेला नट, मग आकाशापुढे फेकलेली बाहुली बारा फ्रेम, मग जमिनीवर पडलेला नट. तीन शॉट, एकही उडी नाही.

कंटाळ्याबद्दल: मधली चाळीस मिनिटं ढिली आहेत, नाकारत नाही. रॉबर्टसनचं डिस्कोवजा संगीत काढून बघा, मग खरा कंटाळा म्हणजे काय ते कळेल.

---

गारंबीचा_नव्हे

संगीतावरून एक. आपल्याकडच्या कॅसेटवर ऐकलेलं आणि आताच्या डिस्कवरचं संगीत वेगळं का वाटतं? कॅसेटवर सूर चढा आहे.

---

उलटी_रीळ

पाल पद्धत. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम, पाल व्हिडिओ २५. तेव्हा फिल्म सरळ २५ने पळवायचे. सगळं चार टक्के वेगात, ९४ मिनिटांचा सिनेमा ९० मिनिटांत संपतो आणि सूर साधारण पाऊण अर्धस्वर वर जातो. क्रोचे बाणही चार टक्के जास्त वेगात सुटायचे, हिशोबाने. व्हीएचएसवर आडवे तपशील जेमतेम २४० रेषांचे, त्यामुळे दोरे, कडा, विणलेली चिलखतं सगळं झाकून जायचं. हे सिनेमे कॅसेटवर जास्त बरे दिसायचे यात नवल नाही.

---

तिरपागडा

भरपूर झालं, आभार सगळ्यांचे. एक शेवटची शंका विचारून ठेवतो. बाणांच्या दृश्यात भात्यातले बाण कमी व्हायला हवेत का? तुकडा तोच वापरला तर भाता भरलेलाच दिसणार.

---

मूव्हिओला

दोन उपाय. फ्रेम इतकी जवळ घ्या की भाता दिसणारच नाही: धनुष्याची मूठ, दोर, गाल, बस. किंवा एकाच टेकचा तुकडा न वापरता तीन टेक घ्या, भात्यात नऊ, सहा आणि तीन बाण ठेवून, आणि त्याच क्रमाने लावा. टेक बदलताना कॅमेरा एक वीत सरकवा, नाहीतर बाण गायब झाल्यासारखे उडी मारतील. बाणांच्या पिसांना रंग एकच द्या. एक लाल आणि बाकी पांढरे असले की लोक लालच मोजत बसतात.